बंदराकाठचा हॉट डॉग

जासईचा रस्ता ट्रेलरवाल्यांचा. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून दास्तान फाट्यावरून कंटेनरची जी रांग लागली ती काही तुटलेली नाही. २०२४पासून अटल सेतूवरून उतरणाऱ्या गाड्याही शेजारी चिर्ल्यालाच येऊन मिळतात. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं हे गाव. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींना रास्त मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले. शेतं गेली, तशी जेवायची तऱ्हाही बदलली. बांधावर बसून भाकरीचं फडकं सोडणारा माणूस फाट्यावर उभ्याउभ्या वडापाव खाऊ लागला.

हॉट डॉग याच जातीचा. आपल्याला तो मॉलमध्ये भेटतो म्हणून साहेबी वाटतो, एवढंच. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडला चार्ल्स फेल्टमन या जर्मन माणसाने तो गाडीवर विकायला सुरुवात केली, ती एकोणिसाव्या शतकात. पुढे त्याच्याच हॉटेलात राबलेल्या नेथन हँडवर्करने १९१६मध्ये स्वतःचा ठेला टाकला, आणि मालक १० सेंटला विकत होता ती वस्तू ५ सेंटला द्यायला लागला. गिऱ्हाईक कुठे वळलं असेल हे सांगायला नको. आइसलँडच्या रेक्याविकमधला नावाजलेला ठेला १९३७पासून चालू आहे, तोही बंदरालगत. जून १९३९मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी इंग्लंडच्या राजाराणीला आपल्या घरच्या मेजवानीत हॉट डॉग वाढला त्याचा केवढा बोभाटा झाला, कारण तो मजुरांचा खाऊ होता. आपल्याकडे १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घातला, तोही असाच घाईत असलेल्या नोकरदारांसाठी आणि गिरणी कामगारांसाठी. तेव्हा जासईसारख्या बंदराकाठच्या गावात हॉट डॉग पोचला याचं नवल नाही. तो इतक्या उशिरा पोचला याचंच आहे.

आणि पोचला तो पाकिटातून. रस्त्याने जाणाऱ्या पांढऱ्या रीफर कंटेनरमध्ये उणे १८ अंशांवर गोठवलेला माल असतो, त्याचाच छोटा अवतार आता वाण्याच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये आलाय. त्यात आइस्क्रीमच्या शेजारी चिकन सॉसेजचं पाकीट पडलेलं दिसतं. पोरं ते घरी आणतात, आई कढईत ढीगभर तेल तापवून त्यात सोडते, सॉसेज फटाफट फुटतं, ओट्यावर तेल उडतं आणि वरून गोड केचप ओतून सगळं संपतं. आमच्या काकींनी असं एक चाखलं आणि निकाल दिला, “मसाल्याबिगर कय चव हाय याला?” काकींचं खरं आहे, पण दोष सॉसेजचा कमी, रीतीचा जास्त.

पहिली गोष्ट, पाकीट वाचायचं. बरीचशी सॉसेजेस आधीच शिजवलेली असतात, ती फक्त नीट गरम करायची. काही मात्र कच्ची असतात, ती आतपर्यंत शिजवावीच लागतात. बर्फ आधी उतरू द्यावा. मग पातेल्यात पाणी तापवायचं, पण खळखळू द्यायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे आले की सॉसेज सोडायचं आणि पाचसात मिनिटं ठेवायचं. उकळत्या पाण्यात आतली वाफ बाहेर यायला धडपडते आणि साल फाटते. न्यू यॉर्कच्या हातगाड्यांवर अशाच गरम पाण्यात दिवसभर सॉसेज ठेवलेलं असतं. तिथून काढलं की कोरडं करून बिडाच्या तव्यावर घ्यायचं.

इथे माझी एक अडचण होती. हॉट डॉगचा लांबट पाव आमच्याकडे सहज मिळत नाही, आणि लादीपावात अख्खं सॉसेज ठेवलं की दोन्ही टोकांनी बाहेर डोकावतं. तोडगा सोपा आहे. सॉसेज उभं चिरायचं, पण पूर्ण तोडायचं नाही. पुस्तकासारखं उघडायचं आणि चिरलेली बाजू तव्यावर दाबायची. थेंबभर तेल पुरे. दोन मिनिटांत तिथे तांबूस पापुद्रा धरतो, कडा किंचित वळतात. मग आडवे दोन तुकडे केले की पावात चपखल बसतात. त्याच तव्यावर, सुटलेल्या चरबीतच, पाव आतल्या बाजूने शेकायचा. खोल तेलात तळायचं झालंच तर त्यालाही परंपरा आहे: न्यू जर्सीच्या क्लिफ्टनमध्ये १९२८पासून चाललेल्या रट्स हटमध्ये साल फाटेपर्यंत तळलेलं सॉसेजच मागतात. मला विचाराल तर त्याला तिथलं सॉसेज हवं. आपल्या चिकनवाल्याचं तळून खोबरं होतं.

आता वर घालायचं काय? सगळी गंमत इथे आहे. सॉसेज म्हणजे खारट, मऊ आणि चरबीदार. त्याला हवं आंबट, झणझणीत आणि कुरकुरीत. जगातल्या प्रत्येक शहराने हे गणित आपापल्या बरणीतून सोडवलंय. शिकागोत खसखशीचा पाव, पिवळी मोहरी, चिरलेला कांदा, हिरवंगार गोडसर रेलिश, टोमॅटोच्या फोडी, लोणच्यातल्या काकडीचा लांब तुकडा, तिखट मिरच्या आणि वरून सेलरीचं मीठ, असा सगळा थाट असतो. ज्या १८९३च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात दोन स्थलांतरितांनी सॉसेज विकलं आणि त्यातून तिथली मोठी कंपनी उभी राहिली. शिकागोकर केचप मात्र लावू देत नाहीत. मोठ्या माणसाने केचप मागितलं तर चेष्टा होते, आणि मला ती रास्त वाटते. आधीच टोमॅटो आणि गोड रेलिश असताना वर आणखी साखर कशाला? आइसलँडमध्ये मेंढीच्या मटणाचं प्रमाण जास्त असलेलं सॉसेज आणि कांदा दोन तऱ्हांनी घालतात: कच्चाही आणि तळलेला कुरकुरीतही. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. चिलीत वर अव्होकाडो थापतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

पण एवढं लांब कशाला जायचं? पावातल्या सॉसेजची अस्सल रीत आपल्या शेजारी, गोव्यात आहे. चोरीस पाव. पोर्तुगिजांनी आपलं चोरीसो आणलं, गोंयकारांनी त्याला माडाच्या सुरेचा विनेगर, लाल मिरची, आलं-लसूण आणि गरम मसाला लावून पार आपलंसं केलं. डुकराच्या मांसाचे तुकडे मिठात मुरवायचे, मसाल्यात घोळायचे, आतड्यात भरून सुतळीने बांधायचे आणि उन्हात वाळवायचे. काही घरांत ते चुलीच्या धुरावर टांगलेले असत. लहान मण्यांची माळ बांधली की ती जपमाळेसारखी दिसते. या माळा कामाला येतात त्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना. गोव्यात पावसाळ्याच्या या बेगमीला पुरूमेंत म्हणतात. आमच्याकडे करंजा-मोऱ्याचं सुकट, बोंबील वाळवून डब्यात भरतात, तोच हिशोब.

चोरीस शिजवताना तेल घालणारा माणूस मला नवखा वाटतो. साल काढून मांस मोकळं करायचं, भरपूर उभा कांदा आणि वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं. पाणी आटलं की आतली चरबी सुटते आणि कांदा लालभडक रश्शात न्हाऊन निघतो. बटाट्याच्या फोडी घातल्या तर त्याही तोच रंग घेतात. हे कच्चं, मुरवलेलं मांस आहे. पाकिटातल्यासारखं नुसतं गरम करून भागत नाही. मग भोंगा वाजवत सायकलवरून येणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, कडक पाठीचा उंडो पाव घ्यायचा आणि आत रस भरायचा. मऊ लादीपाव इथे दोन मिनिटांत गळतो. वर काही लागत नाही, कारण आंबट-तिखट आधीच आतमध्ये मुरलेलं असतं.

पाकिटातल्या सॉसेजला ते भाग्य नाही, म्हणून त्याला बाहेरून सजवायचं. रायगडात त्यासाठी काय कमी आहे? अलिबागचा पांढरा कांदा घ्या. त्याला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही रस्त्याकडेला टांगलेल्या त्याच्या वेण्या पाहून गाड्या थांबतच होत्या. गोडसर, डोळ्यांत पाणी न आणणारा. कच्चा खायला याच्यासारखा दुसरा नाही. बारीक चिरून त्यावर लिंबू पिळायचं. कुरकुरीतपणासाठी पेणचा पोह्याचा पापड तळून हाताने चुरायचा. तिखटाला वडापाववाल्याची सुकी लसणीची चटणी आहेच. सॉसेजच्या चिरलेल्या बाजूला शेकण्याआधी चिमूटभर आगरी मसाला चोळला तर काकींचं म्हणणंही राहतं. फक्त आच मंद ठेवा, मसाला करपून कडू होतो. कोळंबीच्या लोणच्याचा खार एक चमचा टाकून पाहिला आहे. जमतो, पण मग वेगळं मीठ अजिबात नको.

सगळ्यात नामी जोड मात्र वालाच्या बिरड्याची. अमेरिकेत हॉट डॉगवर मांसाचं तिखट कालवण ओततात, अॅरिझोनाकडे सोनोराच्या रीतीने त्यावर शिजवलेल्या घेवड्याच्या बिया घालतात. आपल्याकडे मोड आलेले, सोललेले कडवे वाल आहेत. बिरडं जरा कोरडंच करायचं, आमसूल थोडं जास्त. वालाचा कडसर स्वाद चरबीला असा छेद देतो की मोहरीची आठवण होत नाही.

थंडीत पोपटी लागते तेव्हा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असा थर असतो. त्यात दोन सॉसेजेस शेंगांच्या मध्ये ठेवून पाहा. वाफेने ती फुगतात आणि पाल्याचा ओव्यासारखा वास धरतात. पाव निखाऱ्यांवर शेका. यात वरून काही घालणं म्हणजे उगाच पसारा.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते असं त्यांचं म्हणणं. तेव्हा हे रोजच्या डब्याचं खाणं नव्हे. आणि लहान मुलांना गोल चकत्या कधी देऊ नयेत, त्या घशात बुचासारख्या बसतात. उभ्या चिरून मग बारीक तुकडे करावेत.

सोमवारी मांस चालत नाही, तेव्हा काय, हा प्रश्न आमच्या घरात उठतोच. त्याचं उत्तर होळकरांच्या इंदूरने दिलंय. मराठी घरांची जुनी वस्ती असलेल्या त्या शहरात छप्पन दुकानच्या जॉनी हॉट डॉगमध्ये जे मिळतं त्यात सॉसेज नसतंच: गोल पाव, आत बटाट्याची टिक्की, शेकायला तूप. मटणाचा आणि अंड्याचाही प्रकार आहे, अंड्याच्याला तिथे बेंजो म्हणतात. आपण या टिक्कीच्या पावाला हॉट डॉग म्हणावं का यावर वाद घालायचा तर न्यू जर्सीतल्या नूअर्कला जावं लागेल. तिथले इटालियन लोक १९३०च्या दशकापासून तळलेलं सॉसेज, ढोबळी मिरची, कांदा आणि वर तळलेल्या बटाट्याच्या फोडी जाड पावात कोंबून खातात. आज त्याच राज्यात एडिसनच्या आसपास मराठी घरं आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याने सोमवारी हा पाव मागवून त्यातलं सॉसेज तेवढं काढून ठेवायला सांगितलं, तर उरतं ते दादरच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.