डावा हात ऐका

पियानो ऐकताना आपला कान सहसा उजव्या हाताच्या चालीमागे जातो. पण रचनेचा जीव पुष्कळदा डाव्या हातात असतो. संगीतकार शोपँचे ई मायनरमधले प्रेल्यूड (ओपस २८, क्रमांक ४) घ्या. १८३९ साली प्रसिद्ध झालेली ही रचना जेमतेम दोन मिनिटांची. सुरुवातीला उजवा हात दोनच शेजारच्या स्वरांवर घुटमळतो. डाव्या हातातल्या कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला, एकेक स्वर मात्र हळूहळू खाली सरकत राहतो आणि वरचा तोच स्वर दर वेळी अधिक व्याकूळ वाटू लागतो. हार्मनीचे, म्हणजे स्वरमेळाचे, शास्त्र ठाऊक नसेल तर हे कळणार कसे, असे कुणी म्हणेल. शास्त्राने कारण कळते हे खरे. पण बदल टिपायला कान पुरतो. ही रचना सलग दोनदा ऐका. दुसऱ्यांदा लक्ष फक्त डाव्या हाताकडे ठेवा.