चर्मकाम, हस्तकृत

चर्मकाम, हस्तकृत : कच्चे वा कमावलेले कातडे साध्या हत्यारांनी कापून, टोचून, शिवून, विणून किंवा त्यावर ठसे उमटवून उपयुक्त व शोभेच्या वस्तू तयार करण्याची कला. जनावराच्या कातडीस कमावण्यापूर्वी कातडे आणि कमावल्यानंतर चामडे म्हणतात. पादत्राणे, कमरपट्टे, पाकिटे, पिशव्या, पुस्तकांची वेष्टने, जनावरांचे साज आणि चर्मवाद्यांची तोंडे ही या कलेची प्रमुख क्षेत्रे होत. महाराष्ट्रात हा चर्मकारांचा परंपरागत व्यवसाय असून, विसाव्या शतकात तो छंद म्हणून व शिक्षणाचे साधन म्हणूनही रुजला. हत्यारे थोडी असल्याने ही कला घरीही शिकता येते. तथापि वस्तूचा टिकाऊपणा हत्यारांपेक्षा कातडे कशा प्रकारे कमावले आहे, यावर अधिक अवलंबून असतो.

पार्श्वभूमी : सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात शेतीचा मोठा भार चामड्याच्या वस्तूंवर होता. विहिरीचे पाणी काढण्याची मोट, तिचा नाडा, पाणी वाहण्याची पखाल, तेला-तुपाचे बुधले, बैलांच्या गळ्यातील घुंगरांचे पट्टे, आसूड आणि शेतकऱ्याचे जाड तळाचे पायताण या वस्तू गावातच तयार होत. कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाकडे व वस्तू घडविण्याचे काम चर्मकार (चांभार) समाजाकडे, अशी सर्वसाधारण विभागणी होती. बाराव्या शतकातील वीरशैव शरणांपैकी कक्कय्या व हरळय्या ही नावे या दोन व्यवसायांशी निगडित असून, सोलापूर-विजापूर परिसरात त्यांना विशेष मान आहे. व्यवसाय समाजाला आवश्यक असूनही अस्पृश्यतेच्या रूढीमुळे तो करणाऱ्यांना हीन लेखले गेले. परिणामी हे ज्ञान विशिष्ट जातींतच राहिले व त्याची लेखी नोंद फारशी झाली नाही. तेलावर व विजेवर चालणारे पंप आल्यावर मोट मागे पडली आणि या कामाचा एक मोठा आधार नाहीसा झाला.

कच्चा माल : कातड्याचे तंतू मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. ओले कातडे कुजते व नुसते वाळविलेले कातडे कडक होते. वनस्पतिज पद्धतीत बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल इत्यादींतील टॅनीन तंतूंशी बद्ध होते व कुजण्याची क्रिया थांबते. जुन्या रीतीत कातडे चुन्याच्या निवळीत भिजवून त्यावरील केस व आतील मांस खरवडून काढीत. मग चुना धुऊन काढून कातड्याची पिशवी शिवीत, तीत साल व हिरडा यांचा अर्क भरून ती टांगून ठेवीत आणि काही दिवसांनी उलटी करून पुन्हा टांगीत. या सर्व कृतीस अनेक आठवडे लागत. असे चामडे घट्ट व पिंगट असते. ते ओले असताना त्याला आकार देता येतो व वाळल्यावर तो आकार टिकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोम लवणांनी कमावण्याची पद्धत प्रचारात आली. तिला अल्प काळ लागतो व चामडे मऊ आणि उष्णतेस अधिक टिकणारे होते. परंतु त्यावर ठसा नीट उठत नाही व कड घोटून गुळगुळीत करता येत नाही. उकळत्या पाण्यात लहान तुकडा टाकल्यास वनस्पतिज चामडे चटकन आक्रसून वेटोळे होते; चांगले कमावलेले क्रोम चामडे फारसे बदलत नाही. खरेदीपूर्वी नवशिक्याने ही कसोटी अवश्य वापरावी.

चामड्याची निवड वस्तूनुसार करतात. तळासाठी म्हशीचे जाड, वरच्या पट्ट्यांसाठी बैलाचे मध्यम आणि वेणी व अस्तरासाठी शेळीचे पातळ चामडे घेतात. कमरपट्ट्यास सु. ३ ते ४ मिमी. व पाकिटास १ ते १·५ मिमी. जाडी पुरते. पाठीकडील भाग घट्ट व एकसारखा असतो. पोटाकडील भाग सैल असून ताणला जातो. म्हणून पट्टे नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापतात. पखवाजाची तोंडे व ती ताणणाऱ्या वाद्या यांना मात्र न कमावलेले कातडेच लागते, कारण वाळताना आक्रसण्याच्या त्याच्या गुणामुळेच ताण टिकतो. पंढरपूरच्या वारीत वाजणाऱ्या पखवाजांचा सूर या गुणावर आधारलेला आहे.

हत्यारे : रापी हे रुंद पात्याचे मुख्य हत्यार. तिने चामडे कापतात आणि त्याची कड तासून पातळ करतात. आरीने भोके पाडून दोरा किंवा वादी ओढून घेतात. गोल भोकांसाठी सुंबा, ठोकण्यासाठी लाकडी मोगरी, खाली ठेवण्यासाठी दगड किंवा लोखंडी ऐरण, आकार देण्यासाठी लाकडी फर्मा आणि चामडे भिजविण्यासाठी पाण्याची कुंडी ही इतर साधने होत. हौशी कारागिराला याखेरीज पोलादी पट्टी, कर्कटक, दोन बोथट सुया, मेण लावलेला तागी दोरा व नक्षीचे काही ठसे पुरतात. रापीला वारंवार धार लावावी लागते. बोथट पात्याला जोर लावावा लागतो व ते घसरून इजा होते.

कृती : प्रथम कागदाचा नमुना करून तो चामड्यावर आखतात. कापल्यावर जोडाच्या कडा तासतात, म्हणजे शिवण फुगत नाही. कडेपासून समान अंतरावर उथळ चर पाडून त्यात आरीने भोके पाडतात. हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून त्या प्रत्येक भोकातून विरुद्ध दिशांनी नेतात. त्यामुळे एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या दुहेरी टाक्यात ही सोय नसते. शेवटी कड ओलसर करून गुळगुळीत लाकडाने घोटतात.

वादी कापण्यासाठी चामड्याची गोल चकती घेऊन ती कडेपासून मध्याकडे चक्राकार कापीत जातात. अशा रीतीने लहान तुकड्यातूनही लांब सलग वादी मिळते. नक्षीसाठी चामडे ओलसर करून, वरचा भाग सुकून मूळ रंगावर येऊ लागताच ठसे मारतात. अधिक ओल्या चामड्यावर ठसा पसरतो व कोरड्यावर तो उथळ उमटतो. लोहक्षारांचा टॅनीनशी संयोग होऊन काळा रंग येतो. ओल्या चामड्याला लोखंडी हत्याराचा डाग पडतो तो याच कारणाने. तयार वस्तूस एरंडेल किंवा करंजाचे तेल बेताने लावतात व ती सावलीत वाळवितात.

कोल्हापुरी चप्पल : वरील बहुतेक क्रिया या एकाच वस्तूत एकत्र आढळतात. तिचे तळ, टाच, कान, पट्टा, अंगठा व वेणी असे भाग असतात. तळाचे थर पाण्यात भिजवून ठोकतात व चामड्याच्या वादीनेच शिवतात. परंपरागत जोडात खिळा वापरीत नाहीत. वेणी घालण्याचे व पट्टे सजविण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी इ. तिचे प्रकार प्रसिद्ध आहेत. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी या धंद्यास उत्तेजन दिले. २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांचा अंतर्भाव होतो. नावात एका शहराचा उल्लेख असला, तरी कसब संपूर्ण सीमाप्रदेशाचे आहे, हे यातून मान्य झाले.

छंद व शिक्षण : महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेत चपला करावयास शिकले व त्यांनी स्वतः केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. पुढे वर्ध्याजवळील नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. शांतिनिकेतन येथे रथींद्रनाथ व प्रतिमादेवी टागोर यांच्या प्रयत्नांतून ठसे व बाटिक यांनी सजविलेल्या चर्मवस्तूंची स्वतंत्र शैली निर्माण झाली. या प्रयत्नांमुळे कातड्याला हात लावणे हे जातीचे नसून कौशल्याचे काम आहे, ही दृष्टी सुशिक्षित वर्गात काही प्रमाणात रुजली.

सद्यःस्थिती : महाराष्ट्र शासनाने १९७४ मध्ये स्थापिलेले चर्मोद्योग महामंडळ पुढे संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कारागिरांना प्रशिक्षण, अर्थसाहाय्य व विक्रीची सोय पुरविणे ही त्याची कार्ये होत. रबर व प्लॅस्टिकच्या स्वस्त पादत्राणांशी स्पर्धा, संथ वनस्पतिज पद्धतीची पीछेहाट आणि तरुणांचे इतर व्यवसायांकडे वळणे या प्रमुख अडचणी आहेत. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीने गायींप्रमाणे बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाल्यावर स्थानिक बैलकातड्याचा पुरवठा घटला. म्हशींना ही बंदी लागू नाही. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या संस्थेने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करता मांडल्या. टीका झाल्यावर या चपलांमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे तिने मान्य केले.

भौगोलिक निर्देशांकाने नाव सुरक्षित होते. परंतु बाभळीच्या सालीत मुरलेले चामडे मिळेनासे झाल्यास त्या नावाची वस्तू पूर्वीची राहत नाही. म्हणून शिवणाऱ्याच्या कसबाबरोबर कमावणाऱ्याचे ज्ञानही नोंदविणे व त्यास योग्य मोबदला मिळणे, यांवर या हस्तव्यवसायाचे भवितव्य अवलंबून आहे.