लेबलवर 'अँटिऑक्सिडंट' छापण्याआधी हे वाचा

जांभूळ, करवंद, आवळ्याची पावडर करून विकावी, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. छान. पण आधी माझी चूक ऐका.

सोलापुरातल्या माझ्या दुकानात मी जांभूळ-बी पावडर ठेवली. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलं, 'मधुमेहावर रामबाण'. माल झटपट जायला लागला. एक दिवस एक काका आले. म्हणाले, "दादा, पावडर सुरू केलीय, आता शुगरची गोळी बंद करतो." माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, "काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका." त्याच रात्री उरलेली सगळी लेबलं फाडली.

मग अभ्यास केला. या फळांचा तुरटपणा बराचसा फिनॉलिक संयुगांमुळे येतो. ती स्वतःकडचा हायड्रोजन देऊन फ्री रॅडिकलला शांत करतात, म्हणून अँटिऑक्सिडंट. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकतात. रंग जितका पिवळा पडेल, तितका अर्क दमदार. पण हे झालं परीक्षानळीत. शरीरात त्यातलं किती शोषलं जातं, हा वेगळाच प्रश्न आहे. परीक्षानळीतला आकडा म्हणजे औषध नव्हे!

आता धंद्याचं बघू.

१. कच्चा माल: नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही. रानातला माल धंद्यासाठी घेताना जैवविविधता कायदा, २००२ बघा आणि गावच्या जैवविविधता समितीशी बोला. रानमेवा हंगामापुरताच असतो. आपल्याकडे डाळिंब भरपूर, आणि त्याच्या सालीत रसापेक्षा जास्त फिनॉलिक असतात. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

२. प्रक्रिया: आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो, कारण टॅनिन आणि लोखंडाची क्रिया होते. स्टीलची सुरी वापरा. माल सावलीत वाळवा, हवाबंद ठेवा.

३. लेबल: एफएसएसएआयचा नंबर हवाच. 'अमुक रोग बरा होतो' असं खाद्यपदार्थावर लिहायचं नाही. दाव्यांसाठी २०१८ चे नियम आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दावा करायचा तर हातात पुरावा ठेवा.

आज माझ्या पाकिटावर एवढंच आहे: 'जांभूळ-बी पावडर. घटक: जांभूळ बी.' खप थोडा कमी झाला, खरंय. पण काका अजून येतात, आणि गोळीही चालू आहे. गिऱ्हाईक टिकलं तर धंदा टिकतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत!