डोकं भिंतीत, शेपूट बाहेर

हिवाळ्यात जळगाव-धुळ्याकडे शेताशेतांत भरीत पार्टी रंगते. भाजलेली वांगी, कळण्याची पुरी आणि तोंडी लावायला वाफ्यातून उपटलेली कांद्याची पात, मुळा. पात नुसती झटकून खाणारेही असतात. मुळाशी राहिलेल्या मातीत मैल्याचा अंश असेल, तर तिच्यातून पोटात जाऊ शकतो चाबूककृमी.

लांबी जेमतेम 3 ते 5 सेंटीमीटर. आकार थेट गाडीवानाच्या आसुडाचा: पुढचा मोठा भाग दोऱ्याइतका बारीक, मागचा जाडसर. गंमत अशी, की बारीक टोक म्हणजे डोकं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अस्तराच्या जिवंत पेशी पोखरून तो बोगदा करतो आणि डोकं त्यात खुपसून तिथेच मुक्काम ठोकतो. जाड शेपूट बाहेर, पोकळीत. कोलोनोस्कोपीत डॉक्टरांना ही पांढरी शेपटं लोंबताना दिसतात.

मादी रोज 3,000 ते 20,000 अंडी घालते. ताजं अंडं मात्र निरुपद्रवी. उबदार, ओलसर, सावलीच्या मातीत ते दोन-चार आठवडे राहिलं, तरच आत अळी तयार होते. मे महिन्यात उघड्या रानात त्याचा निभाव लागणं कठीण. रावेर-यावलच्या केळीबागेत मात्र तेव्हाही ओल आणि सावली. अर्थात माणूस तिथे शौचाला बसला, तरच अंडी तिथे पोचणार.

आतड्यात पोचलोय हे अंड्याला कळतं कसं? उंदरांमधल्या त्याच्या भाईबंदावरचे प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्यातले जिवाणू अंड्याच्या टोकाला चिकटतात, तिथलं बूच उघडतं आणि अळी बाहेर पडते! आपल्याच पोटातले रहिवासी दार उघडून देतात म्हणायचं.

थोडे जंत असले तर पत्ताही लागत नाही. एका जंतामागे दिवसाला साधारण 0.005 मिलिलिटर रक्त जातं. शेकड्यांनी झाले की मूल फिकं पडतं, शेम-रक्ताचे जुलाब होतात, वाढ खुंटते. कुंथून कुंथून कधी गुदाशयच बाहेर येतो आणि त्याच्या लालभडक अस्तरावर जंत वळवळताना दिसतात.

अंगणवाडी-शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी मोठ्या गोल जंतांना एका डोसात हुसकावते. हा बोगद्यातला पाहुणा बहुतेकदा तिला पुरून उरतो, म्हणून डॉक्टर तीन दिवसांचा कोर्स देतात किंवा जोडीला आयव्हरमेक्टिन. जमैकातल्या अशा खुरटलेल्या मुलांवर उपचार झाले, तेव्हा त्यांची उंची इतक्या झपाट्याने वाढली, की त्या वेगावरच शोधनिबंध लिहिला गेला.