पूरग्रस्त ग्रामीण भागाचे साहाय्य व पुनर्वसन

नदीच्या पुराने वेढलेल्या खेड्यांतील लोकांचे प्राण वाचविणे, त्यांच्या अन्न, पाणी व निवाऱ्याची तात्पुरती सोय करणे आणि घरे, शेती व पशुधन पुन्हा उभे राहीपर्यंत त्यांना आधार देणे, या कार्यांचा यात अंतर्भाव होतो. पहिल्या दोहोंस साहाय्य व तिसऱ्यास पुनर्वसन म्हणण्याचा प्रघात आहे. साहाय्याचा काळ दिवसांत, तर पुनर्वसनाचा हंगामांत मोजावा लागतो. तथापि निधी, मनुष्यबळ व लोकांचे लक्ष ही मुख्यत्वे पहिल्या पंधरवड्यातच एकवटतात, आणि या कार्यातील बहुतेक उणिवांचे मूळ तेथे आहे.

भारतातील शासकीय साहाय्याची घडण दुष्काळाच्या अनुभवातून झाली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाई कर्जाची व्यवस्था केली. दुष्काळ सावकाश येतो आणि आणेवारी काढण्यास अवधी देतो. पूर एका रात्रीत घरातील धान्य, भांडी, कागदपत्रे व गोठ्यातील जनावरे नेतो. नुकसानीचा पुरावाही पुष्कळदा त्याबरोबरच जातो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय व राज्य प्राधिकरणे आणि राष्ट्रीय प्रतिसाद दल अस्तित्वात आले, त्यामुळे सुटकेच्या कामात मोठी सुधारणा झाली. भरपाईची रीत मात्र अद्याप पंचनाम्यावर आधारलेली आहे.

कृष्णा व पंचगंगा यांच्या खोऱ्यांत २००५, २०१९ व २०२१ या वर्षी आलेल्या महापुरांत या व्यवस्थेची कसोटी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये सह्याद्रीतील अतिवृष्टी आणि कोयना, वारणा इ. धरणांतील विसर्ग यांमुळे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नृसिंहवाडीच्या संगमापाशी कृष्णेला पूर असला, की पंचगंगेचे पाणी तुंबते व शिरोळ तालुक्यातील गावे कित्येक दिवस पाण्याखाली राहतात. या पुरात सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील सु. चार लाख लोकांना हलवावे लागले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकजण बुडाले. पहिल्या तासांत सुटकेचे काम गावकरी स्वतःच करतात; म्हणून सुस्थितीतील नावा, जीवरक्षक जाकिटे व पोहणारे यांची तजवीज गावातच असणे अगत्याचे ठरते.

घर न सोडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे जनावरे. म्हैस दावणीला सोडून शेतकरी सहसा निघत नाही. माणसांच्या निवाऱ्याबरोबर चारा-पाण्यासह जनावरांची छावणी उघडली, तर गाव लवकर रिकामे होते. याउलट बाहेरून येणारी मदत पुष्कळदा गरजेशी जुळत नाही : जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेच्या गावांत साचतात, तर आडबाजूच्या वाडीला पिण्याचे पाणी मिळत नाही. पूर ओसरल्यावर विहिरी उपसून त्यांत विरंजक चूर्ण टाकणे, मृत जनावरांची विल्हेवाट लावणे आणि अतिसार व लेप्टोस्पायरोसिस यांवर लक्ष ठेवणे ही कामे तातडीची असतात.

शेतीचे नुकसान मात्र हळूहळू उघड होते. ऊस दीर्घकाळ बुडाला, की शेंडा कुजतो, बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात व साखरेचा उतारा घटतो. नुकतीच लावलेली आडसाली लागण तर समूळ नष्ट होते. तिचे पैसे दीड वर्षाने यावयाचे असल्याने त्या तुटीची झळ मदतकेंद्रे बंद झाल्यानंतर कितीतरी काळाने बसते. पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास अनुदान मिळते. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. शेतात ३ इंचांहून अधिक गाळ वा वाळू साचल्यास ती काढण्यासाठी वेगळी तरतूद आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक हेक्टरपर्यंतच्या बाधित पिकावरील कर्ज माफ केले, आणि कर्ज न घेतलेल्यांना नेहमीच्या दराच्या तिप्पट मदत जाहीर केली.

हे सर्व साहाय्य सातबारा उताऱ्यावरील नावास मिळते. तोंडी करारावर जमीन कसणारा वाटेकरी, महिनाभर काम बुडालेला शेतमजूर आणि पतीच्या पश्चात उताऱ्यावर नाव न चढलेली स्त्री ही त्यातून निसटतात. घरात पाणी शिरल्याबद्दलची रोख मदत त्यांना मिळू शकते, परंतु बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद ग्रामसभेसमोर वाचून कायम करणे आणि पूर ओसरताच गाळ काढण्याची कामे रोजगार हमीतून सुरू करणे, हे उपाय खर्चिक नाहीत. मात्र ते पावसाळ्यापूर्वी ठरलेले असावे लागतात.

बांगला देशातील १९९८ चा पूर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. देशाचा सु. दोनतृतीयांश भाग पाण्याखाली गेला व पूर दोन महिन्यांहून अधिक टिकला. शासनाचे धान्यवाटप आणि व्यापाऱ्यांनी भारतातून केलेली तांदळाची आयात यांमुळे दुष्काळ टळला. तथापि गरीब कुटुंबांनी त्या महिन्यांत मुख्यतः कर्ज काढून पोट भरले आणि त्याची परतफेड नंतर दीर्घकाळ चालू राहिली.

गाव उंचावर हलविणे हा कायमचा उपाय म्हणून पुष्कळदा सुचविला जातो. नवे गावठाण शेतापासून दूर पडले, तर लोक पावसाळ्यानंतर जुन्या घरांकडे परततात. कृष्णेच्या खोऱ्यात काळी जमीन, उपसा सिंचनाचे पंप व गोठे नदीकाठीच आहेत. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना उंचावर एक सुरक्षित खोली, धान्यकोठी व जनावरांसाठी ओटा एवढी सोयही पुरेशी होते.