मुरडा येतो-जातो, शौचात रक्त? मोठ्या माणसात ‘आतड्यात आतडं’ शिरण्यामागे गाठ असू शकते

मांजरी : उपबाजारात माल उतरवताना पोटात कळ आली, की माणूस म्हणतो, ‘गॅस झालाय.’ मेडिकलमधून गोळी घेतो, तासाभरात बरं वाटतं आणि विषय संपतो. बहुतेक वेळा खरंच गॅस असतो. पण हीच कळ पुन्हा पुन्हा येत असेल, सोबत वजन उतरत असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर गोळीवर भागवू नये. यामागे आतड्यात आतडं शिरणं हे कारण असू शकतं. डॉक्टर त्याला ‘इंटससेप्शन’ म्हणतात.

नेमकं होतं काय?

शर्ट काढताना बाही आत दुमडते, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. वाट अरुंद होते, अन्न पुढे सरकत नाही. आत शिरलेल्या भागाच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त पोहोचलं नाही तर तो भाग सडू शकतो.

हा आजार मुख्यतः लहान मुलांचा. १०० रुग्णांत साधारण ५ जणच मोठ्या वयाचे असतात. मुलांमध्ये बहुधा ठोस कारण सापडत नाही आणि गुदद्वारातून हवा किंवा सलाईन सोडून आतडं अनेकदा जागेवर आणता येतं. मोठ्यांचं तसं नसतं. १० पैकी साधारण ९ जणांमध्ये आतड्यात काहीतरी कारण सापडतं. आतडं अन्न पुढे ढकलत असतं. आतल्या भिंतीला गाठ असेल तर तीही अन्नासारखी पुढे ढकलली जाते आणि भिंतीला सोबत ओढत नेते.

लहान आतड्यातली गाठ बरेचदा साधी असते. मोठ्या आतड्यात मात्र निम्म्याहून अधिक वेळा ती कॅन्सरची निघते.

लक्षणं फसवी

पोट एकदम बंद होईलच असं नाही. कळ येते, थांबते, आठवड्यांनी परत येते. मळमळ, पोटफुगी, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. रक्त दिसलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. रक्त कमी होऊन थकवा येतो, तो कामाचा शीण वाटतो.

अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं किंवा एरंडेल पिणं धोक्याचं आहे. अडकलेल्या आतड्यावर जोर पडून ते फुटू शकतं.

तपासणी आणि उपचार

सोनोग्राफीत संशय येतो, सीटी स्कॅनमध्ये आतड्यात शिरलेलं आतडं गोलात गोल असं दिसतं. प्रत्येक वेळी घाबरायचं कारण नाही. लहान आतड्याचा छोटा भाग कधी कधी आपोआप आत जातो आणि आपोआप सुटतो. ते सर्जनने ठरवायचं असतं.

मोठ्या आतड्यात असेल तर बहुधा ऑपरेशनच करावं लागतं. गाठीसह तो भाग आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढतात आणि तुकडा तपासणीला पाठवतात. काहींना शौचासाठी पोटावर पिशवी बसवावी लागते. ती अनेकदा तात्पुरती असते. कॅन्सर आतड्यापुरताच असेल तर बरं होण्याची शक्यता चांगली असते.

कुणी सावध राहावं?

वय ४५ च्या पुढे असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल किंवा तंबाखू-दारूची सवय असेल, तर वरील लक्षणं अंगावर काढू नयेत. दुर्बिणीने मोठं आतडं पाहण्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायची का हे डॉक्टरांना विचारावं. तरुणांनीही रक्ताकडे दुर्लक्ष करू नये.

पोट फुगून टणक झालं, वायू आणि शौच दोन्ही बंद, उलट्या थांबत नाहीत, अशी अवस्था असेल तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून सर्जन आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावं. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. त्यामुळे निघताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं.