गावाची रोपवाटिका आणि घाटमाथ्याचे रान

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग असून शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांतील वने तिच्या आश्रयाने वाढली आहेत. गगनबावड्यास वर्षाकाठी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळकडे तो ५०० ते ६०० मि.मी.च्या आसपास असतो. जिल्ह्यातील शेतीला लागणारे बरेचसे पाणी भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, दूधगंगा व वेदगंगा या नद्या पश्चिमेच्या डोंगरांतून आणतात. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना हाती घेतली, ती याच पाण्याच्या भरवशावर. धरण पाणी साठविते. परंतु पाऊस जमिनीत मुरविणे आणि माती धरून ठेवणे, हे काम धरणाच्या वरचे रान करीत असते.

संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेल्या दाजीपूरच्या जंगलास १९५८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ३५१ चौ. कि.मी.चे राधानगरी अभयारण्य झाले व २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. तथापि, केवळ कायद्याने रान राखले जात नाही. गावालगतच्या रानात सरपणासाठी तोड होते, गुरे चरतात, उन्हाळ्यात वणवे लागतात. तेथे थोर वृक्ष उभे दिसतात, पण त्यांच्याखाली त्यांच्याच जातीची लहान रोपे आढळत नाहीत. असे रान वरून हिरवे दिसले, तरी त्याची पुढची पिढी तयार झालेली नसते. ही उणीव भरून काढण्यास गावाची रोपवाटिका उपयोगी पडते.

दोन प्रकारची रोपे

गावाच्या रोपवाटिकेत दोन निरनिराळ्या कामांसाठी रोपे तयार करावीत. पहिली शेताच्या बांधासाठी व गावच्या पडीक जमिनीसाठी. यांत बांबू, शिवण, करंज, फणस, कोकम व गिरिपुष्प घ्यावे. सरपण व काठी बांधावर मिळू लागली की कुऱ्हाड रानाकडे वळत नाही. भाताच्या तरव्यासाठी जेथे अजून राब भाजतात, तेथे रानातील झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. त्याऐवजी गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडल्यास जमिनीस नत्र मिळते व रानही वाचते.

दुसरी रोपे प्रत्यक्ष रानासाठी. ती त्याच परिसरातील जातींचीच असावीत: जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, नाना इत्यादी. गिरिपुष्प किंवा बाहेरून आणलेली कोणतीही जात रानात लावू नये.

बी गोळा करणे

बी देवराईतील व मालकी जमिनीतील निरोगी झाडांचे, गावाच्या व मालकाच्या संमतीने घ्यावे. अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीवाचून बी आणू नये. एकाच झाडाचे सर्व बी न घेता दूरदूरच्या दहा-पंधरा झाडांचे थोडे थोडे घ्यावे. काही फळे पक्ष्यांसाठी अवश्य सोडावीत; धनेशासारखे पक्षी फुकटात बी पेरीत असतात.

जांभूळ, फणस, कोकम व पिसा यांचे बी वाळले की मरते. ते गर धुऊन थोड्याच दिवसांत पेरावे. हिरडा, बेहडा व ऐन यांचे बी वाळवून ठेवता येते. मात्र टणक कवचामुळे ते उशिरा रुजते. हिरड्याचे कवच किंचित फोडून व इतर बी तसेच एक-दोन दिवस पाण्यात भिजवून पेरावे.

रोपांची जोपासना

दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू व एक भाग कुजलेले शेणखत मिसळून २० ते २५ सें.मी. उंचीच्या, तळाशी भोके असलेल्या पिशव्या भराव्यात. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोलीवर पेरणी करून झारीने पाणी द्यावे. महिन्यातून एकदा पिशव्या जागेवरून हलवाव्यात, म्हणजे मुळे खाली जमिनीत शिरत नाहीत. लावणीपूर्वी एक महिना सावली हळूहळू काढून पाणी कमी करावे. त्यामुळे रोपे काटक होतात. हे काम महिला बचत गट किंवा शाळा उत्तम रीतीने करू शकते, परंतु सुट्टीतही पाणी घालणारे माणूस नेमलेले असावे.

लावण कोठे करावी

रानातील लावण वन विभागाच्या संमतीनेच व पावसाचा जोर धरल्यावर करावी. जेथे नैसर्गिक रोपे उगवत आहेत, तेथे नवी लावू नयेत. गुरे व वणवा यांपासून ती जागा राखली तरी पुरे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढावी. खरोखर मोकळ्या पडलेल्या जागीच खड्डे घ्यावेत.

मसाई पठारासारखे जांभ्याचे सडे ही पडीक जमीन नव्हे. तेथील गवत व पावसाळी फुले हीच तेथील नैसर्गिक संपत्ती आहे. सड्यावर खड्डे खोदून झाडे लावल्याने ती नष्ट होते.

कामाचे मोजमाप

किती रोपे वाटली, यावरून कामाची किंमत ठरवू नये. गावाने नोंदवही ठेवून रोपाची जात, बियाचे ठिकाण व लावणीची जागा लिहावी आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत रोपे मोजावीत. पहिल्या वर्षी पाचशे रोपे नीट वाढविली, तर पुढील वर्षी ती संख्या वाढविता येते. हजारो रोपे लावून सोडून दिली, तर बी, श्रम व गावाचा विश्वास ही तिन्ही वाया जातात.